पिकअपची ताकद वाढवायची होती

आमची पिकअप चौदा वर्षांची, माझा थोरला भाऊ, दादा, चौऱ्याहत्तरचा. गेल्या पावसाळ्यानंतर बोर्लीच्या चढावर सुपारीच्या पोत्यांसकट ती मधेच दम सोडू लागली, तेव्हा दोघांत जो म्हातारा त्याला दोषी धरलं गेलं. दादाचा पाय क्लचवर नीट पडत नाही, हा निकाल माझा. एकदा गाडी मागे घरंगळली, पोत्यांवर दोन बायका बसलेल्या होत्या. त्या दिवशी मी चावी काढून घेतली. तो काही बोलला नाही. मी तीस वर्षं मास्तरकी केली. गप्प राहणारा कबुलीच देतोय, असं समजायची सवय त्यात लागते.

पुढे माझ्या हातातही गाडी चढावर मरगळली. तेव्हा मात्र दोष इंजिनाच्या वयाचा ठरला. माझ्या पायांचा विषय निघाला नाही.

म्हणून पनवेलहून इंजिनाचा कंप्यूटर ट्यून करणारा बोलावला. काळा टीशर्ट, काळा लॅपटॉप आणि लॅमिनेट केलेला कागद. त्यावर पर्याय तीन: एव्हरेज, पॉवर, लोड. देवळात साध्या, विशेष आणि महाअभिषेकाची पाटी असते, तसा.

"काका, लोड मारू. सुपारी काय, डोंगर खेचेल."

"इंजिन जुनं आहे. फुटायचं नाही ना?"

"म्हणून तर जपून मारणार. आधी कंप्यूटर बघू द्या. तब्येत न बघता टॉनिक देत नाय मी."

एवढ्या शहाणपणाची मी त्याच्याकडून अपेक्षा केली नव्हती.

त्याने सीट उचलली. खाली कंप्यूटरची डबी, खताच्या पिशवीत घालून सुंभाने करकचून बांधलेली.

"हे कोणी केलं?"

मीच. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून. पंपाच्या स्टार्टरपासून रेडिओपर्यंत आम्ही सगळं असंच बांधतो.

त्याने सुंभ कापला. पिशवीतून पाणी ठिबकलं. तळाशी खताचे पांढरे दाणे, डबीच्या पिना हिरव्यागार.

"खताने पाणी ओढलं, काका. पिना खाल्ल्या. सिग्नल चुकला की कंप्यूटर घाबरून ताकद कापतो. चढावर तर नक्कीच. चालवणारा कोणी का असेना."

मला त्या दोन बायका दिसत होत्या.

"आधी पिना आणि वायरिंग बदलू," तो कागद बॅगेत सरकवत म्हणाला. "बाकी काय लागणारच नाय बहुतेक."

दादा ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होता. जाता जाता मी लांबलचक वाक्य जुळवलं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "दादा, तुझे पाय ठीक होते रे. पिशवी मी बांधली होती."

अडकित्ता थांबला.

"ठीक होते?" तो म्हणाला. "मला वाटलं, खरंच गेले. म्हणून तर रोज समुद्रावर फिरायला जायचं सोडलं मी."

गाडी बघायला तो उठला. ओटीच्या तीन पायऱ्या उतरताना त्याने खांब घट्ट धरला. गेल्या वर्षी तो धरत नसे.