आबिदा सिस्टर अन् पोचूची कूस

आबिदा सिस्टर तोंडाची खराब आहे, असं म्हननारे मले रोज भेटतेत. हो, आहे खराब! मी तं म्हनते, आनखी खराब पाहिजे होती. इकडं गोड बोलून कोनाचं भलं झालं ते मले दाखवा. मी कलाबाई, सरकारी आशा सेविकेचं काम करते. माहं गाव नाल्याच्या पलीकडं. सिस्टरसोबत फिरून फिरून माह्या चपला झिजल्या, म्हनून तिच्याबद्दल बोलायचा हक्क मले आहे. ज्याले राग येईन त्यानं उठून जावं.

सिस्टर वरोऱ्याची. बाप कमरुद्दीनभाऊ कापूस पिंजून गाद्या भरतेत. पोरीले एटापल्लीकडं नोकरी लागली तवा घरचे रडले म्हने. "जंगलात कुठी राह्यशील, बदली करून घे." तिनं नाई घेतली. आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत राह्यते. पावसात छत गळते तवा तिचं तोंड जास्तच सुटते. रोजा असला तं स्वतः घोटभर पानी घेत नाई, अन् गावभर "पानी उकळून प्या, किती वेळा सांगू" म्हनून ओरडत फिरते. गोळ्या, सुया तं ती देतेच, पन तिचा जीव अटकते साध्यासुध्या गोष्टीत. नखं काप. चादर ताठ कर, सुरकुती नोको. बुढ्याचं तोंड आतून पूस. "गोळी अर्धंच काम करते, बाकीचं हातानं करा लागते," हे तिचं रोजचं रडगानं.

आता पोचूचं सांगते. हा पोचू नाल्याअलीकडच्या गावातला, ताडासारख्या उंच गोरग्याच्या झाडावर रस काढाले चढला अन् वरून खाली आला. कंबर मोडली. चंद्रपूरले खूप दिवस ठेवलं, मंग घरी धाडलं. कमरेखाली जीव नाई. बोलते सारं, हासते, शिव्याबी देते, पन स्वतःच्या अंगानं कुशीवर होत नाई. घरात बायको बुधरी अन् धाकटा भाऊ देवाजी.

पहिल्यांदा आमी गेलो तवा सिस्टरनं त्याले पालथं केलं अन् माह्या तोंडाले पदर गेला. माकडहाडावर जखम, लिंबाएवढी, अन् त्यात कोनीतरी राख भरलेली. सिस्टर काहीच नाई बोलली. ती बोलत नाई तवा समजायचं का मामला वंगाळ आहे. मिठाच्या पान्यानं धुतलं, पट्टी बांधली, मंग बुधरीले समोर बसवलं. "हे भरलं तं हा जगन. नाई भरलं तं इथूनच अंगात जहर जाईन अन् हा जाईन. औषध एकच आहे. याले एका अंगावर पडू द्यायचं नाई."

घड्याळ घरात नव्हतं, तं सिस्टरनं गावाचंच घड्याळ लावून देल्लं. गाई सुटल्या का डावी कूस. बाया पान्याले गेल्या का उजवी. शाळा सुटली का डावी. गुरं आली का उजवी. रात्री कोनाची झोप मोडन तवा एकदा. पाठ धुवायची, टिपून कोरडी करायची, घासायची नाई. अंडं, दाळ, मच्छी द्यायची. वरोऱ्याहून बापाकडून नवा गादा भरून आनला, दोरीची खाट टोचू नये म्हनून. अन् बुधरीनं ते सारं केलं, बापा! आमी गेलो का जखम लाल, साफ, काठानं भरत आलेली. सिस्टरचं तोंड तेवढ्या दिवशी बंद.

मंग एका खेपेले पाहते तं काय! जखम पुन्हा काळी, वास मारून राह्यली. सिस्टर बुधरीवर अशी बरसली का मलेच लाज वाटली. "झोपली होतीस काय वं? मारतेस काय नवऱ्याले?" बुधरी मान खाली घालून उभी. त्यानंतर जखम पुन्हा भरली, अन् पुढच्या महिन्यात पुन्हा बिघडली. सिस्टरले समजेना. मी म्हनलं, आज आपला दिवस नसताना जाऊ.

गेलो. पोचू ओल्या गाद्यावर पडून, अंगाखाली मुंग्या. भाऊ देवाजी अंगनात बसून जाळं विनून राह्यला.

"बुधरी कुठी?" सिस्टरनं इचारलं.

"कुरमात."

"मंग कुशीवर कोन करते?"

"येईन ना वापस. आल्यावर करन."

कुरमाघर म्हंजे गावाच्या कडेची झोपडी. पाळीच्या दिवसांत बाई तिथी राह्यते. घरात पाय ठेवायचा नाई, कोनाले शिवायचं नाई. मीबी तिथी बसली आहे, माही मायबी बसली. खरं सांगू? एखाद्या बाईले तेवढाच आराम. धान कांडनं नाई, सरपन आननं नाई. माहा राग त्या झोपडीवर कमी आहे अन् बाहेर हात धरून बसनाऱ्यांवर जास्त. घरचं भांडं घासाले शेजारीन येते, डुकराले कोंडा टाकाले कोनीतरी येते. या मानसाले हात लावाले कोनी नाई! काऊन? तं ते बाईचं काम.

"माह्या भावाले मी उघडं पाहू काय?" देवाजी म्हने.

मंग सुटली सिस्टर! "या अल्लाह, मुडद्याले खांदा द्याले सारे धावता, अन् जित्याले कुशीवर करायले एक मानूस नाई? मी परक्याची पोरगी, मी धुते त्याचं ढुंगन, मले शरम नाई वाटत! तू त्याच्या पाठचा भाऊ, तुले वाटते?" तिनं देवाजीचा हात धरला, भावाच्या खांद्यावर ठेवला, दुसरा कमरेवर. "ओढ. हळू. आता पाठीमागं उशी." त्यानं केलं. पोचू रडला, पन कोनी त्याच्याकडं पाह्यलं नाई. गावचा गायता, म्हंजे आमचा पुजारी, लटारूभाऊ, तोबी तमाशा पाहाले आला होता. त्याच्यादेखत देवाजीनं कबूल केलं का पुढच्या खेपेले बुधरी कुरमात गेली का मी करीन.

पुढची खेप आली. तवाच सिस्टरले लसीच्या कामावर दूर धाडलं, अन् मी माह्या गावात तापाच्या रुग्णांत अटकली. देवाजीनं पहिल्या दिवशी केलं. दुसऱ्या दिवशी दोस्त हासले, अन् गडी गेला मच्छी माराले. पोचू हाका मारे. गावानं ऐकल्या, कुरमाघरातून बुधरीनंबी ऐकल्या. अंगात ताप चढला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला, अन् मंग ती उठली. भरदिवसा, साऱ्या गावातून चालत आली, घरात शिरली, नवऱ्याले धुतलं अन् कुशीवर केलं.

अन् आता गावाले जाग आली! इतके दिवस मानूस सडत होता तवा बैठक नाई बसली. बाई आली तं बसली. पोचूच्याच अंगनात. मी धावत गेली. तेवढ्यात सिस्टरची स्कुटीबी आली, कोनीतरी फोन केला होता. पोचूची खाट दारात, बुधरी बाहेर कुंपनाशी उभी.

गायता म्हने, "हिनं कुरमात असताना याले शिवलं. आता पूजा होईपर्यंत कोनी याले हात लावायचा नाई. पूजा अमावस्येनंतर."

"त्याच्या अंगात ताप आहे, लटारूभाऊ," सिस्टर म्हने. "तवापर्यंत हा मरून जाईन. समजते काय तुमाले, मरून जाईन!"

"रीत आहे, सिस्टर."

मी काहीतरी बोलनार होती. मनात अशा शिव्या आल्या होत्या का सांगता येनार नाई. पन खाटेवरून आवाज आला.

"मंग मलेच कुरमात नेऊन टाका," पोचू म्हने. "घरात मले शिवनारं कोनी नाई. तिथी तरी एक बाई आहे कुशीवर करनारी."

गायता जमिनीकडं पाहे. सिस्टरनं पर्स माह्याकडं फेकली अन् खाटेचा एक पाय धरला. "कलाबाई, चला." मी पर्स गळ्यात अटकवली अन् दुसरा धरला. शेजारच्या दोन बाया उठल्या. मानसं नुसती पाहत राह्यली. खाट जड होती, दोर काचत होते, पन आमी उचलली. बुधरी समोर होऊन वाट काढून राह्यली.

कुंपनाजवळ देवाजी आला. त्यानं माह्या बाजूचा पाय धराले हात पुढं केला.

"हात नोको लावू," बुधरी म्हने. "इतके दिवस नाई लावला, आता कायले लावतं?"

त्यानं हात मागं घेतला, अन् आमी खाट घेऊन कुरमाघराकडं गेलो.