मागच्या माइकवरची बाई

गाण्याच्या धंद्यात तिला सगळे ‘मागची’ म्हणत. त्यात कुणाला अपमान वाटत नसे, तिलाही नाही. मोठ्या बाई पुढे उभ्या राहून गात, लोक त्यांच्यासाठी तिकिटं काढत, आणि मागे डाव्या हाताला काळ्या कपड्यांत ही उभी राहून ‘ऊ’ आणि ‘आ’ करत असे. वीसेक वर्षं तिच्या वाट्याला स्वर भरपूर आले, व्यंजनं फारशी आली नाहीत.

मागून गाणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गाऊन दाखवावं. पुढचीच्या पाठीवर नजर ठेवायची. तिचे खांदे वर गेले की तिने श्वास घेतला, मग आपण घ्यायचा, आणि तिचा आवाज निघाला की केसभर मागून आपला सोडायचा. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळून टाकायचं, नाहीतर ते दोन-तीन तोंडांतून पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतं. आवाज चढला की माइकपासून अर्धं पाऊल मागे. या कामात ती इतकी तरबेज होती की ती गातेय हे कळायचंच नाही. ती आजारी पडली की मात्र गाणं पोकळ वाटायचं.

तिची स्वतःची गाणीही होती, इस्त्री करता करता रचलेली. त्यांत रॉकची करकरीत गिटार होती, माणसाला खुर्चीत धड बसू न देणारा फंकचा ठेका होता, आणि वर सोल, म्हणजे पोटात काही न ठेवता गळा मोकळा सोडून गायचं. ही गाणी एकट्या दाढीला ठाऊक होती. दाढी मोठ्या बाईंकडे बेस गिटार वाजवायचा आणि महिन्यातून चार शब्द बोलायचा.

“अल्बम करू. तुझ्या एकटीचा,” एक दिवस तो म्हणाला.

“या वयात?”

“मागे उभी राहताना कुणी वय विचारलं होतं का?”

दाढीने वादक गोळा केले, फर्निचरच्या कारखान्यावरचा एक छोटा स्टुडिओ ठरवला. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, आणि खालच्या सुताराने करवत थांबवली की वर गाणं सुरू. वाद्यं झकास वाजली. मग ती काचेपलीकडच्या खोलीत गेली, कानांवर हेडफोन चढवले आणि गायली. रेकॉर्डिंगवाला तिथे नवीन होता. त्याने मान डोलावली.

“छान झाला कोरस. आता मेन आवाज कोणाचा आहे?”

दाढी उगाचच बेसच्या तारा पुसू लागला.

“हाच मेन आवाज,” ती म्हणाली.

पुन्हा गायली, पुन्हा गायली. दर वेळी तेच. ठेका यायचा आणि ही डोळे मिटून वाट बघायची. कानांत कुणीच श्वास घेत नव्हतं. सुरुवात आपणच करायची आहे हे ध्यानात येईपर्यंत ठेका पुढे गेलेला असायचा, आणि फंकमध्ये केसभर उशीर झाला की गाणं मेलंच. शब्दांची टोकं ती गिळतच होती. चढ्या सुराला पाय आपोआप मागे जात होता. असेच दोन-तीन दिवस गेले.

“एक सुचवू?” दाढी हळूच म्हणाला. “गाणी तुझीच. पुढे एखादी चांगली मुलगी घेऊ. तू मागून गा.”

तो मायेने बोलला होता. तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली. आता ‘हो’ म्हटलं, की तिची गाणीसुद्धा कायमची दुसरीच्या पाठीमागे गेली.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटी नणंद डबा घेऊन स्टुडिओत आली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. काय अडलंय ते दाढीने तिला सांगितलं, तर ती हसत सुटली.

“ही वाट बघते? ही? अहो, घरी भांडण होतं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत वहिनीची तीन वाक्यं झालेली असतात. कधी माझा श्वास बघितला नाही हिने. आता तो दादाचा स्वेटरच घ्या. गरम पाण्यात घालून बाहुलीच्या मापाचा केला, आणि वर...”

“मी नाही घातला.”

“बघा!”

“वन्सं, तुम्ही घातलात तो स्वेटर.” राग आला की ती नणंदेला अहो-जाहो करत असे. “घातलात तुम्ही, आणि नाव माझं सांगितलंत!”

दाढीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने रेकॉर्डिंगवाल्याला डोळ्याने खुणावलं, हिला तशीच खोलीत ढकललं आणि नणंदेला काचेसमोर उभं केलं. नणंद कमरेवर हात ठेवून बोलतच होती, काचेतून आवाज तेवढा येत नव्हता. ठेका सुरू झाला. नणंदेने पुढचं वाक्य टाकायला तोंड उघडलं, आणि ते बाहेर पडायच्या आत मागची गायला लागली.

कुणाच्या मागून नाही, थेट ठेक्याच्या मानगुटीवर. शब्द अखेरच्या अक्षरापर्यंत खणखणीत. वीस वर्षांत गिळलेलं सगळं ती त्या एका गाण्यात परत करत होती. चढा सूर आला तेव्हा पाय मागे गेला नाही, पुढे आला. यंत्रावरचा काटा लाल रेघेत शिरला. रेकॉर्डिंगवाल्याने आवाज कमी करायला हात नेला, तर दाढीने त्याचं मनगट धरलं.

गाणं संपलं. नणंदेच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

“स्वेटर मीच घातला होता गं,” ती म्हणाली.

उरलेली गाणी मग धडाधड झाली. अल्बम आला आणि चालला. न्हाव्याच्या दुकानात, रिक्षात, दवाखान्याच्या गर्दीत लोकांच्या मोबाइलवर तिचा आवाज तिला भेटायला लागला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही. अभिमान म्हणजे काय ते तिला तिथे, चालणाऱ्यांचे धक्के खात, कळलं.

तरी पोटापाण्याचं काम होतंच. मोठ्या बाईंची तालीम लागली तेव्हा ती नेहमीसारखी डावीकडे मागे उभी राहिली. मोठ्या बाई अर्धं गाणं गायल्या आणि त्यांनी हात वर केला. सगळं थांबलं.

“पुन्हा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा झालं. तिने आवाज आवरला, पाय मागे घेतला, अक्षरं गिळली. काही उपयोग झाला नाही. आवाज लपेचना. मोठ्या बाई सावकाश मागे वळल्या. गाणं चालू असताना त्या कधी मागे वळल्या नव्हत्या.

“कानामागून आलीस आणि तिखट झालीस,” त्या म्हणाल्या, पण चिडून नाही. “ऐकलाय मी तुझा अल्बम. तुला आता मागे उभी केली तर लोक माझ्याकडे बघायचे नाहीत. मला ते परवडायचं नाही. जा तू.”

तिने पर्स उचलली. ती जिना उतरू लागली. हातचं काम गेलं होतं, रडू यायला हवं होतं, आणि येत होतं ते हसू. घराच्या दारात नणंदेने विचारलं, “वहिनी, आज इतक्या लवकर कशी?”

“मला काढून टाकलं,” ती म्हणाली, आणि ते इतक्या खणखणीत आनंदाने म्हणाली की शेजारीण दार उघडून अभिनंदन करायला आली.