पंचाक्षरी मिस्त्रीचे शेअर

उद्यमनगरात पंचाक्षरी मिस्त्रीच्या हाताला तोड नव्हती. ओतकामाआधी लागणारे लाकडी पॅटर्न तो असे घडवी, की फौंड्रीवाले डोळे झाकून साचा भरत. पण तयार पंपावर नाव झळकायचं ते मालकाचं. बावीस वर्षं ही गोष्ट त्याला सलत होती. म्हणून शहाण्णव साली आकाराम पाटलांनी नवी कंपनी काढली आणि ‘मिस्त्री, तुमचं धा हजाराचं बिल हाय, त्येचं शेअर घेतासा काय?’ असं विचारलं, तेव्हा गडी हरखूनच गेला. कंपनीच्या यादीत आपलं नाव!

अडलं ते फॉर्मपाशी. शेअर रोखीनं दिले की रोखीखेरीज, असे त्यात दोन रकाने. रोखीखेरीज म्हटलं की करारनामा आला, स्टॅम्प आला. कुणाला विचारतील तर ते आकाराम कसले!

“रोख म्हंजे रोख! बँकेतनं नोटा काढतो, तुमास्नी देतो. पाचला मीटिंग हाय, तवा त्याच परत आणा.”

बिल भागल्याच्या पावतीवर सही झाली. बंडल घेऊन पंचाक्षरी जेवायला घरी गेला आणि ते बायकोच्या, नीलम्माच्या, हातात दिलं. इथंच शहाणपण संपलं. वार होता शुक्रवार. तिनं हळदकुंकू लावून बंडल देवळीत ठेवलं.

“शुक्रवारची आल्याली लक्ष्मी आजच्या आज भायेर? जमणार न्हाय!”

“अगं, परत द्यायलाच आणल्या!”

“मग आणलासा कशाला?”

पाच वाजता पंचाक्षरी हात हलवत मीटिंगला गेला. सगळं ऐकून कंपनीच्या सीएसाहेबांनी कपाळावर हात मारला.

“अहो, बिल खरं होतं, देणं झालेलं होतं. तेवढी रक्कम शेअरपोटी वळती केली असती, तरी कायदा तिला रोखच म्हणतो. नोटा नाचवायच्या कशाला?”

“मग करा की आता वळती!” आकाराम म्हणाले.

“कशी करू? सकाळी बिल भागलं, पावती झाली. मिस्त्रींचं येणंच उरलं नाही. आता खरेच पैसे आणा, नाहीतर आज यादीत नाव नाही.”

पंचाक्षरीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात दारात नीलम्मा. घरातनं निघताना नवऱ्याचा चेहरा तिनं पाहिला होता, तो काही तिला बसू देईना. तिनं पदराखालची पिशवी टेबलावर ठेवली.

“धा हजार हाईत. बुधवारी भिशी लागली हुती. ह्येला शुक्रवार आडवा येत न्हाय.”

आकाराम खो खो हसत सुटले. पंचाक्षरी मात्र हसला नाही. त्यानं शेअरचा अर्ज पुढं ओढला आणि आपलं नाव खोडून सावकाश ‘नीलम्मा’ लिहिलं.

“पैसं तिचं, तर नाव तिचंच,” तो म्हणाला.

नीलम्माला वाचता येत होतं. तिनं कागद सीएसाहेबांकडं सरकवला.

“सायब, दोघांचं चालतंय न्हवं?”

“चालतं की.”

“मग वर ह्येंचं लिवा. बावीस वर्सं थांबल्यात.”