थर्मासमधला बर्फ

मुलांनो, तुम्ही आता बर्फाच्या देशात राहता, म्हणून एका माणसाबद्दल सांगते. त्याचे नाव मी विचारले नाही, इतका राग आला होता.

नव्वद सालच्या आसपास आम्ही डोंबिवलीहून सहलीबरोबर मनालीला गेलो होतो. वादळ ओसरले होते, पण पुढच्या वळणावर लाल झेंडा लावून रस्ता बंद केलेला. "वरचा बर्फ कधीही खाली येईल," असे ड्रायव्हरने बजावले. सगळे बसमध्येच थांबले. हा टिटवाळ्याचा गृहस्थ मात्र माकडटोपी कानांवर ओढून, थर्मास काखेत मारून झेंड्यापलीकडे गेला. आम्ही हाका मारल्या, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तो आपला वाकून, भाजी निवडावी तसा बर्फ निवडत होता.

परतल्यावर मी ओरडले, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मावशी, इथला मळलेला होता हो. आई अंथरुणाला खिळलेय. तिला दाखवायला चांगला आणायला गेलेलो."

"आणि तुम्हीच गाडले गेला असतात, तर तिला पाणी कोणी पाजलं असतं?"

त्याने थर्मासचे झाकण घट्ट फिरवले. परतीच्या प्रवासात दर स्टेशनला तो थर्मास कानाशी हलवून पाही. कल्याणला उतरताना त्याने तो माझ्या कानाशी धरला.

"ऐका, वाजतोय ना अजून?"

आत नुसते पाणी होते.

"वाजतोय. पळा लवकर," मी म्हटले.

तुम्ही मात्र झेंडा दिसला की मागे फिरा. माझ्यासाठी काही आणू नका. बर्फ माझ्या फ्रीजमध्ये आहे.