अकरा रुपयांची बाकी

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. हा तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणाले, यावर गाडीचं कर्ज होणार नाही. आकडा पाचशेच्या घरातला होता. मी विचारलं, नॉर्मल किती असतो? साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण मी खरंच विचारत होते.

मी राहात्यात एका लॅबमध्ये काम करते. वीस वर्षं लोकांचं रक्त काढून रिपोर्ट हातात देते. आमच्या रिपोर्टात प्रत्येक आकड्यासमोर किती असायला हवं ते छापलेलं असतं, आणि कमी पडलं तर काय खायचं तेही पेशंट मलाच विचारतात. इथे आकडा माझाच होता आणि तो कशामुळे घसरला ते साहेबांनाही सांगता येईना. एवढंच म्हणाले, कुठेतरी काहीतरी थकलेलं असेल. मी म्हटलं, साहेब, माझं आयुष्यात काही थकलं असेल तर ते पाय. उधारीच्या वाण्याकडे सुद्धा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे नेऊन देते. त्यांनी समजुतीनं मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गाडी मला मिरवायला नको होती. ती माझ्या वडिलांसाठी हवी होती. दादा शहात्तर वर्षांचे आहेत आणि माझ्याकडेच असतात. त्यांची सख्खी थोरली बहीण, माझी आत्या, जामखेडच्या पुढे खर्ड्याला असते. दादा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तेव्हापासून आत्यानंच त्यांना वाढवलं. आता ती चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांनी अंधुक दिसतं, अंगणाच्या बाहेर पडत नाही. आणि दादांना प्रोस्टेटचा त्रास. अर्ध्या तासानं, फार तर पाऊण तासानं उतरावं लागतं. एसटी कुणासाठी अशी थांबत नाही. मागच्या वर्षी भाड्याची गाडी करून निघालो होतो. तिसऱ्यांदा थांबायला सांगितल्यावर ड्रायव्हरनं असा काही सुस्कारा सोडला, की दादांनी त्यानंतर पाण्याला तोंड लावलं नाही. नगरच्या पुढे त्यांना घेरी आली. जामखेडपर्यंतही पोचलो नाही, दवाखाना करून परत आलो. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की परक्याच्या गाडीत पुन्हा बसणार नाही.

तेव्हा मी गाडी चालवायला शिकले, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. लायसन्स आलं. एक जुनी पण धडधाकट गाडी पाहून ठेवली. निम्मे पैसे साठवलेले होते, निम्म्यांचं कर्ज हवं होतं. भाऊबीज तीन महिन्यांवर होती. दादांनी फोनवर आत्याला शब्द देऊन टाकला होता. दोघांनाही नीट ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा फोन अख्ख्या आळीला ऐकू जातो, त्यामुळे आमची गाडी येणार हे आळीलाही माहीत होतं.

मग मी शहाणपणा केला. एका बँकेनं नाही म्हटलं म्हणून दुसरीत गेले, तिथून तिसरीत. तिसऱ्या ठिकाणी कळलं की स्कोअर आणखी सात-आठनं उतरलाय. का, तर तुम्ही एवढ्या ठिकाणी चौकशी केलीत म्हणून. हे मात्र माझ्या डोक्यावरून गेलं. तपासलं म्हणून कमी होणारी गोष्ट मी लॅबमध्ये कधी पाहिली नव्हती. मी त्या मुलीला म्हटलं, मग बघू नका ना. ती म्हणाली, बघितल्याशिवाय देता येत नाही. 

ज्याला त्याला विचारत सुटले. लॅबमधली सहकारी म्हणाली, जिल्ह्याचं नाव बदललं ना, तुझ्या जुन्या कागदांवर अहमदनगर आणि नव्यांवर अहिल्यानगर, त्यातच काहीतरी घोळ असणार. हे मला इतकं पटलं की मी आधार केंद्रावर दोन तास रांगेत उभी राहिले. जुन्या गाड्यांच्या शोरूममधला एजंट म्हणाला, ताई, तुम्ही कर्जच काढलेलं नाही ना फारसं, म्हणून. आधी एक क्रेडिट कार्ड घ्या, थोडी उधारी करा, मग स्कोअर वाढेल. म्हणजे उधारी केली नाही म्हणून उधार मिळत नाही. दुसऱ्या एकानं सांगितलं, कर्ज मी करून देतो, पण व्याज दुपटीच्या आसपास आणि दोन जामीनदार लागतील. दुपटीच्या व्याजालाही मी तयार झाले होते, खोटं कशाला बोलू. पण जामीन कोण राहणार? दोन नातेवाइकांना विचारलं. एकाला नेमका तेव्हाच खोकला आला, दुसऱ्यानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं आणि बहुधा अजून विचारतोच आहे. मला रडू आलं. पैशांसाठी नाही, आपण चांगल्या आहोत असं इतकी वर्षं मी समजत होते आणि ते कुठेच लिहिलेलं नाही, याचं.

दादा रोज विचारायचे, काय झालं? मी सांगायचे, होतंय. ते समाधानानं पेरूच्या गोष्टी सुरू करायचे. आमच्या राहात्याचे पेरू आत्याला लहानपणापासून आवडतात. आता तिला दात नाहीत, पण कुस्करून खाईन म्हणते. दादांनी कुठल्या बागेतून घ्यायचे, किती पिकलेले घ्यायचे, पिशवीत खाली गवत घालायचं की कागद, सगळं ठरवून ठेवलं होतं.

भाऊबीज आली आणि गेली. त्या दिवशी आत्यानं फोनवरच ओवाळलं. कुणीतरी तिच्या कानाला फोन धरला होता आणि ती मोठ्यानं म्हणत होती, "भाऊ, मोबाईलला कुंकू लावलंय बघ." दादा हसले. मग पेरूंसाठी काढून ठेवलेली पिशवी त्यांनी घडी घालून परत ठेवून दिली.

त्याच आठवड्यात पहिल्या बँकेतल्या साहेबांना माझी दया आली असावी. त्यांनी माझा सगळा अहवाल काढून हातात दिला, म्हणाले, घरी शांतपणे वाचा. अहवाल म्हटल्यावर मला धीर आला. वाचायची सवय आहे. दुसऱ्या पानावर एक ओळ होती. नऊ वर्षांपूर्वीचं स्कूटीचं कर्ज. थकबाकी चार हजारांच्या वर. शेरा: बुडीत.

मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. स्कूटी अजून दारात उभी आहे. तिचा एकही हप्ता मी चुकवला नव्हता. त्या काळात माझी ड्यूटी सकाळी लवकर असायची, म्हणून दर महिन्याला मी दादांच्या हातात पैसे द्यायचे आणि ते बाजारातल्या खताच्या दुकानावर असलेल्या फायनान्सच्या ऑफिसात नेऊन भरायचे. त्यांना ते काम आवडायचं. पावत्या एका पिशवीत घालून ठेवायचे. शेवटचा हप्ता भरून आले तेव्हा पेढे आणले होते. स्कूटी विकायची वेळ आली नाही, म्हणून तिच्या कागदांवर फायनान्सचं नाव अजून तसंच आहे हेही मी कधी पाहिलं नव्हतं.

मला कोडं सुटलं असं वाटलं. ऑफिसातल्या कुणीतरी म्हाताऱ्या माणसाचे पैसे खाल्ले. ते ऑफिस कधीच बंद होऊन नगरला गेलं होतं. मी पावत्यांची पिशवी घेतली, सुट्टी टाकली आणि नगर गाठलं. काउंटरवरच्या माणसाला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग जुनी फाइल काढून आणली आणि शेवटच्या पावतीची प्रत समोर ठेवली. हप्त्याला अकरा रुपये कमी. खाली दादांची सही. माझ्या पिशवीतल्या पावतीवरही तेच होतं. मी रक्कम वाचलीच नव्हती, नुसता शिक्का पाहिला होता. अकरा रुपयांसाठी खातं बंद झालं नाही, महिन्यामागून महिने दंड चढत गेला, आणि त्यांची पत्रं आम्ही तोवर सोडलेल्या भाड्याच्या खोलीवर जात राहिली.

"पण अकरा रुपये कमी का?" मी विचारलं.

तो म्हणाला, ते मला कसं माहीत असणार.

परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होते. दादांच्या खिशात तेव्हा अकरा रुपये नसतील? पण पेढे आणले होते. मोजायला चुकले? ते चुकत नाहीत. घरी आले तर दादा ओसरीत बसून डब्यातलं पीठ चाळत होते. मी पावती त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि काहीच न घडल्यासारखे म्हणाले, "व्हय. म्याच ठेवलेत ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, जणू मीच लहान आहे. खातं असं धुऊनपुसून कोरं करू नये. त्यांचे वडीलही दुकानदाराचं देणं फेडताना थोडं मागे ठेवायचे आणि दुकानदारही राहू द्या म्हणायचा, कारण दोघांनाही माहीत असायचं की माणूस परत येणार आहे. हे मला नवं नव्हतं. आमच्या घरात पिठाचा डबा कधी पूर्ण रिकामा करत नाहीत, मूठभर ठेवूनच त्यावर नवं ओततात. मीही तेच करते. पण डबा वेगळा आणि फायनान्स वेगळं, हे दादांना कुणी सांगितलं नव्हतं. काउंटरवरचा त्या वेळचा पोरगाही हसून बरं म्हणाला होता म्हणे.

"पर कशापायी, दादा?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"उद्या तुला मोठी गाडी घ्याची झाली तर वळख ऱ्हावी म्हनून," दादा म्हणाले.

मी खूप बोलले. तुमच्या या अकरा रुपयांनी माझी अब्रू गेली, भाऊबीज गेली, तुमची बहीण तुमची वाट बघत बसली, हेही बोलले. ते शेवटचं बोलायला नको होतं. दादा चाळणी बाजूला ठेवून उठले. त्या संध्याकाळी त्यांनी आत्याला फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला राग येत होता आणि कुणाचा ते कळत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठीच ठेवले होते. त्या कंपनीनंही खोटं काही लिहिलं नव्हतं. दोन्हीकडचं खरं असताना माझंच कसं नुकसान झालं, हे मी आजही नीट सांगू शकत नाही.

दुसऱ्याच दिवशी जाऊन मी दंडासकट सगळे पैसे भरले, पैसा न पैसा, आणि दाखला घेतला. दाखल्यावर शून्य बाकी लिहिलेलं तीनदा वाचलं. तरी स्कोअर लगेच हलेना. एक महिना गेला, दीड गेला. तेवढ्यात आत्या पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरुणाला खिळली. दादांनी काही विचारणं बंद केलं होतं. पौषात एकदाचं बँकेतून बोलावणं आलं. व्याज थोडं जास्त लावलं, पण कर्ज झालं. साहेब म्हणाले, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, साहेब, मला अजून काही समजलेलं नाही, सही कुठे करू ते सांगा.

आम्ही भल्या सकाळी निघालो. पेरूची पिशवी दादांच्या मांडीवर. खर्ड्यापर्यंत नऊ वेळा थांबलो. दर वेळी ते उतरताना माझ्याकडे बघायचे आणि मी मुद्दाम आरशात केस नीट करत बसायचे. पाणी ते पोटभर प्यायले.

आत्या खाटेवर होती. दादा जवळ जाऊन बसले तर तिनं आधी त्यांचा चेहरा हातानं चाचपला, मग कान ओढला, उशीर केला म्हणून. पेरू कुस्करून खाल्ला, बिया थुंकल्या, गोड आहे म्हणाली. मग तिनं ताट मागवलं. भाऊबीज राहिली होती. तिला बसवून धरलं, आणि तिनं दादांना ओवाळलं. दादांनी ताटात नोटा ठेवल्या. आत्यानं त्या बोटांनी एकेक चाचपून मोजल्या. ओवाळणीचे ठरलेले पाचशे पुरे झालेले नव्हते.

मी लगेच पर्स उघडली. तेवढ्यात दादांनी माझा हात धरला.

"बाकी पुढल्या भाऊबिजेला," ते तिला म्हणाले.

आत्या हसली. तिला हे नवीन नसावं. "लई लांबचा वायदा केलास की रं," ती म्हणाली. "आन जामीन कोन?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं. आत्याला ते दिसलं नाही, म्हणून त्यांनी माझा हात तिच्या हातात दिला. तिनं तो दाबून पाहिला, कोणाचा आहे ते ओळखलं आणि म्हणाली, "मंग चालंल."

मी पर्स बंद केली.