थंड चहाचा निकाल

कासाब्लांकाच्या दर्ब गलेफ बाजारात पत्र्याखाली जे जे विकायला येतं, ते कुणाच्या तरी घरातून बाहेर काढलेलं असतं. बुअज्जाही तसाच आला. जन्मभर सत्तात गावाच्या रस्त्यावर सहा प्रवाशांची, सहाही भरल्याशिवाय न सुटणारी टॅक्सी हाकली. गुडघे गेले, तेव्हा जिलालीच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात स्टूल अडवून बसला आणि बघता बघता बाजाराचा न्यायाधीश झाला.

मोठ्या कंपन्यांच्या गेमला तो हात लावत नसे. "त्यांचं कौतुक करायला पगारी माणसं आहेत," म्हणे. त्याचा अधिकार चालायचा तो स्वस्तातल्या, एकट्यादुकट्यानं केलेल्या गेमवर. कायदा एकच. जिलालीनं पुदिन्याचा वाफाळता चहा समोर ठेवायचा आणि बुअज्जानं खेळायला बसायचं. चहा गरम असतानाच पेला उचलला, तर गेम भिकार. चहा विसरला गेला, थंड झाला, तर खुशाल घ्या. झाडाचं एक पान तासभर खाली पडत राहतं, असल्या एका गेमला परदेशी जाणकारांनी डोक्यावर घेतलं होतं. बुअज्जानं पहिल्याच घोटाला तोंड पोळून घेतलं आणि त्या पानाचा बाजारात पाचोळा झाला.

मग विआम आली. फोनवर परक्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खायची नोकरी सोडून तिनं एकटीनं गेम केला होता. जिलालीनं तो दुकानात ठेवला नाही, तर सोमवारपासून पुन्हा तोच फोन कानाला. आणि जिलाली ठरवणार बुअज्जाच्या तोंडाकडे बघून.

"आपल्या माणसांनी केलेला गेम?" बुअज्जा आधीच फुरफुरला. "पोरी, आपल्याकडे दिव्याचं बटणसुद्धा दोनदा दाबावं लागतं."

"तुम्ही एकदाच दाबा, काका."

पडद्यावर टॅक्सीचा थांबा, धूळ, जुनी गाडी, आत पाच प्रवासी. खेळणारा ड्रायव्हर. गाडी सत्तातला न्यायची.

"आणि?"

"आणि काही नाही. खेळा."

"हा गेम आहे की माझी बदनामी?" त्याचा हात पेल्याकडे गेला. तेवढ्यात पडद्यावर एक पिशवीवाली बाई आली, गाडीत डोकावली आणि पुढं चालू लागली.

"ओ बाई! सत्तात! एकच जागा राहिली!" बुअज्जा ताडकन उभा राहिला. गुडघ्यांना विचारायचंही राहिलं.

बाई गेली. पाठीमागचा म्हातारा कंटाळून खाली उतरू लागला. "आजोबा, बसा! निघालोच!" आयुष्यभर मारलेली थाप पुन्हा ओठावर आली. शेजारचे दुकानदार गोळा झाले.

"बुअज्जा, गाडी लागली का रे?"

"मला पुढची सीट ठेव!"

"गप बसा! सहावा येतोय!"

सहावा आला नाही. शेवटी बुअज्जानं कंट्रोलर आपटला. "फसवणूक! भिकार गेम! कुणी घेऊ नका!" मग मोठ्या रुबाबात त्यानं पेला उचलला आणि गरम असल्यासारखी वर फुंकर मारली.

जिलालीनं पेल्याला बोट लावलं. "फुंकर कशाला, काका? हा प्यायलात तर सर्दी होईल."

सगळा बाजार हसला. विआम तेवढी हसली नाही. तिचं लक्ष बुअज्जाच्या तोंडाकडे होतं.

"तो सहावा येतो तरी कधी?" त्यानं हळूच विचारलं.

"येतच नाही. पाचांवर निघायचं बटण पहिल्यापासून आहे, काका. वर डावीकडे."

"पाचांवर? रिकामी जागा घेऊन सत्तातला? थांब्यावर पुन्हा तोंड कसं दाखवू?"

"सगळे ड्रायव्हर इथंच अडकतात."

न्यायाधीश स्वतःच्या कायद्यात सापडला, की जगात बहुतेक ठिकाणी कायदा बदलतात. इथं ते जमण्यातलं नव्हतं. थंड पेला साऱ्यांनी बघितला होता.

"ठेव दुकानात," बुअज्जा जिलालीवर खेकसला. विआमनं आत्ता कुठं श्वास सोडला. "पण ते बटण काढायला सांग तिला. लाजिरवाणं आहे. आणि दुसरा चहा आण."

"हा घ्या, गरम आहे."

"ठेव तिकडं! ती पिशवीवाली बाई परत येतेय."