मारुतीच्या पोटावरची खपली
तेल-शेंदराचा वास आला की मला महाल या जुन्या वस्तीतली ती शनिवारची सकाळ आठवते. शहराबाहेरच्या नव्या बेसाहून वारसा बघायला आलेले आम्ही वीस शहाणे, डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात विकतचं पाणी. भोसल्यांच्या काळातल्या एका देवळाच्या ओट्यावर शेंदरी मारुती होता. आमचा गाइड म्हणाला, शेंदराखाली शिलालेख दडलाय, या अडाणी लोकांनी इतिहास बुजवला. आम्ही माना डोलावल्या. मग त्याने कुणाकडून तरी किल्ली मागून घेतली आणि मारुतीचं पोट खरवडायला लागला. आम्ही मोबाइल सरसावले. तेवढ्यात शेंदराची वाटी घेऊन एक म्हातारी आली. "काहून खरवडून राहिला गा देवाले?" "आजी, खाली इतिहास आहे." मोठी खपली गळून पडली आणि खाली नुसता कोरा दगड निघाला. गाइड किल्ली परत देऊन पुढचा जुना दरवाजा दाखवायला निघाला, आम्ही मेंढरांसारखे त्याच्या मागे. म्हातारीने खपल्या पदरात वेचल्या, बोटांनी तेवढी जागा पुन्हा लिंपली. "पाहून झालं ना? जा आता," ती म्हणाली. त्या गाइडची मी आजही चारचौघांत टिंगल करतो. माझ्या स्कूटरच्या किल्लीच्या खाचेत मात्र तो शेंदूर अजून बसलेला आहे.